किरणोत्सर्गानंतरची आरोग्यसेवा : मार्शल बेटांची गोष्ट
(इयत्ता नववी-दहावीसाठी पूरक वाचन)



आजच्या लेखाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो. नववीच्या वर्गात समस्थानिकांचा भाग चालू होता. फळ्यावर आयोडीन-131 लिहिलं, अर्धायुष्यकाल आठ दिवस असं सांगितलं आणि मुलांकडून हिशोब करून घेतला. आठ दिवसांनी निम्मं, सोळा दिवसांनी पाव, असं करत करत ऐंशी दिवसांत सुमारे हजारावा भाग उरतो. एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, मग अंगात गेलेलं आयोडीन तीन महिन्यांत संपलं की माणूस बरा होतो ना?" तास संपत आला होता. मी "हो, साधारण तसंच" म्हणालो आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणे अनशापोटी थायरॉइडची गोळी घेत होती. तिच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की आपण वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. पदार्थ संपणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक समजून घ्यायचा तर प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची गोष्ट मुलांना सांगावी लागते. ती मी नंतर वर्गात सांगितली. तुम्हालाही सांगता यावी म्हणून इथे लिहितो आहे.

बेटं कुठे आणि कशी?

नकाशावर हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्ये बघा. तिथे मार्शल बेटं आहेत. 29 कंकणद्वीपं आणि 5 सुटी बेटं. कंकणद्वीप म्हणजे प्रवाळांनी तयार झालेलं बांगडीसारखं कडं, मधे खाजणाचं शांत पाणी आणि कड्यावर जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या. मुलांना आपल्या लक्षद्वीपचं उदाहरण द्या, लगेच कळतं. सगळ्या देशाची जमीन मिळून जेमतेम 181 चौरस किलोमीटर, पण ती लाखो चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली. नारळ, फणसासारखं ब्रेडफ्रूट, केवड्याच्या जातीचं पँडॅनस, मासे आणि खेकडे हे तिथलं अन्न.

हा भूगोल नीट लक्षात ठेवायला हवा. कारण पुढे प्रत्येक प्रश्न या अंतरापाशीच येऊन अडतो.

1 मार्च 1954

दुसऱ्या महायुद्धानंतर ही बेटं संयुक्त राष्ट्रांच्या वतीने अमेरिकेच्या विश्वस्त कारभाराखाली होती. 1946 ते 1958 या काळात अमेरिकेने बिकिनी आणि एनेवेटाक या कंकणद्वीपांच्या परिसरात एकूण 67 अणुचाचण्या केल्या. त्यातली सर्वात मोठी 'ब्राव्हो', 1 मार्च 1954 रोजी पहाटे बिकिनीवर झाली. शास्त्रज्ञांचा अंदाज सुमारे 6 मेगॅटनचा होता, प्रत्यक्षात स्फोट 15 मेगॅटनचा झाला. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट.

बिकिनीच्या पूर्वेला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावर रोंगेलॅप आहे. तिथल्या लोकांना त्या दिवशी पश्चिमेकडे सूर्य उगवल्यासारखा उजेड दिसला. काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. स्फोटात चुरा झालेलं प्रवाळ आणि त्याला चिकटलेले किरणोत्सारी कण, अशी ती भुकटी होती. लोकांना हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. मुलं त्या भुकटीत खेळली. ती पाण्याच्या साठ्यात पडली, अन्नावर पडली, अंगाला चिकटली. संध्याकाळपर्यंत मळमळ, उलट्या, अंगाची आग सुरू झाली. पुढच्या दिवसांत त्वचा भाजल्यासारखी झाली, केस गळले, रक्तातल्या पेशी कमी झाल्या.

जवळच्या रोंगेरिक बेटावर हवामान केंद्रात 28 अमेरिकी सैनिक होते. त्यांना आधी हलवलं. रोंगेलॅपचे लोक स्फोटानंतर दोन दिवसांनी निघाले. तिथे आणि शेजारच्या आयलिंगिनेवर मिळून 82 माणसं होती, त्याशिवाय चार बाळं आईच्या पोटात होती. पाचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या उतिरिकच्या दीडशेहून जास्त लोकांना त्यानंतर हलवलं. सगळ्यांना क्वाजालेन इथल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर नेलं.

त्याच भुकटीत जपानची 'फुकुर्यू मारू' ही मासेमारी नौकाही सापडली होती. तिच्यावर 23 खलाशी होते. त्यातला एक सप्टेंबर 1954 मध्ये मरण पावला आणि जगभर खळबळ उडाली. आपल्याकडे पंडित नेहरूंनी 2 एप्रिल 1954 रोजी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी मांडली. इतिहासाच्या तासाला हा धागा जरूर जोडा.

आठ दिवसांचं आयोडीन, नऊ वर्षांनंतरची गाठ

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

आपल्या गळ्यातल्या अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, काम करायला आयोडीन लागतं. म्हणूनच आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. पण ही ग्रंथी साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सारी कोणतं हे ओळखू शकत नाही. जे येईल ते साठवते. रोंगेलॅपच्या लोकांच्या पोटात अन्नपाण्यातून किरणोत्सारी आयोडीन गेलं आणि ते ग्रंथीत जाऊन बसलं. लहान मुलांची ग्रंथी आकाराने छोटी असते. तेवढंच आयोडीन छोट्या ग्रंथीत गेलं की प्रत्येक ग्रॅमला बसणारा मार कितीतरी जास्त असतो.

ते आयोडीन काही महिन्यांत संपलं. केस परत आले, त्वचेच्या जखमा भरल्या. वरवर पाहता माणसं बरी झाली. पण काही मुलांची उंची वाढत नव्हती. आणि 1963 मध्ये, म्हणजे स्फोटानंतर नऊ वर्षांनी, एका मुलीच्या गळ्यात थायरॉइडची पहिली गाठ सापडली. पुढच्या वर्षांत गाठी वाढत गेल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांच्या आत असलेल्या रोंगेलॅपच्या बहुतेक मुलांना पुढे थायरॉइडचा त्रास झाला. काहींच्या गाठी कर्करोगाच्या निघाल्या.

उतिरिकच्या लोकांना बसलेली मात्रा रोंगेलॅपच्या मानाने दहापटीहून कमी होती, म्हणून त्यांची तपासणीही कमी वेळा होत असे. नंतर त्यांच्यातही गाठी आढळल्या.

वर्गात हे सांगताना एक वाक्य फळ्यावर लिहा : अर्धायुष्यकाल पदार्थाचा असतो, आजाराचा नसतो. किरणांनी पेशीतल्या डीएनएला जी इजा केली, ती पदार्थ संपल्यावरही राहते आणि तिचा परिणाम दहा, वीस, चाळीस वर्षांनीही दिसू शकतो. म्हणून अशा माणसाला "तीन महिन्यांनी येऊन दाखवा" म्हणून भागत नाही. त्याच्यासोबत आयुष्यभर डॉक्टर लागतो.

गोळी छोटी, वाट लांब

थायरॉइडची गाठ काढायची तर शस्त्रक्रिया हवी. ती बेटावर होणं शक्य नव्हतं. रुग्णांना हजारो किलोमीटर दूर अमेरिकेत न्यावं लागे. ज्याने आयुष्यात आपलं बेट सोडलं नाही, ज्याला इंग्रजी येत नाही, त्याला एकदम परक्या शहरातल्या दवाखान्यात नेऊन भूल द्यायची. सोबत दुभाषा हवा, घरचं कोणी हवं.

शस्त्रक्रियेने काम संपत नाही. ग्रंथी काढली की तिचं काम गोळीने करावं लागतं, रोज, शेवटपर्यंत. रोंगेलॅपच्या लोकांना 1965 पासून थायरॉइड संप्रेरकाच्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली. तीच ही गोळी, जी आपल्याकडे किती तरी आया-मावश्या सकाळी घेतात. आपल्याला संपली तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणता येते. बेटावर मेडिकल नाही. जहाज कधी येईल ते समुद्रावर अवलंबून. या गोळीला उष्णता आणि दमट हवा चालत नाही, आणि तिथली हवा बारा महिने उष्ण आणि दमट. शिवाय गोळी घेणाऱ्याला तसं काही दुखत नसतं. दुखत नसताना रोज औषध घ्यायचं, तर ते का घ्यायचं हे त्याच्या भाषेत, त्याचा विश्वास असलेल्या माणसाने समजावून सांगावं लागतं.

मी हे वर्गात सांगितलं तेव्हा त्याच मुलीने विचारलं, "मग सर, ती गोळी त्यांना कोण आणून द्यायचं?" या प्रश्नात सगळा विषय आला.

तपासणारे डॉक्टर आणि उपचार करणारे डॉक्टर

स्फोटानंतर लगेच अमेरिकी डॉक्टरांचं पथक आलं होतं. त्यांनी जखमांवर उपचार केले, रक्त तपासलं. पण त्याच वेळी एक अभ्यासही सुरू झाला, 'प्रकल्प 4.1'. किरणोत्सर्गाचा माणसावर काय परिणाम होतो हे नोंदवणं हा त्याचा हेतू होता. पुढे ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेचं पथक दर वर्षी येऊ लागलं. डॉ. रॉबर्ट कॉनार्ड यांनी बरीच वर्षं त्याचं नेतृत्व केलं. पथक जहाजाने येई, लोकांना रांगेत तपासे, रक्त-लघवीचे नमुने घेई, नोंदी करी आणि परत जाई.

इथे न्यायाने बोललं पाहिजे. या तपासण्यांमुळेच गाठी वेळेत सापडल्या, शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचले. थायरॉइडबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंच या नोंदींतून कळलं. हे डॉक्टर दुष्ट होते असं मुलांना सांगू नका.

पण बेटावरच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. वर्षातून एकदा डॉक्टर येतो. तुम्ही म्हणता, "डॉक्टर, माझा दात दुखतो, बाळाला जुलाब होतायत, साखर वाढलीय." पथकाच्या दृष्टीने त्याचं मुख्य काम किरणोत्सर्गाचे परिणाम शोधणं. बाकीचे आजार स्थानिक आरोग्यसेवेने बघायचे, आणि ती सेवा म्हणजे बेटावरचा एक आरोग्य सहायक आणि थोडी औषधं. सत्तरच्या दशकात तिथे राहून काम केलेल्या डॉ. कॉनराड कॉट्रेडी या ब्रुकहेवनच्याच डॉक्टरांनी नेमका हाच मुद्दा आपल्या अहवालात मांडला. लोकांना हवी होती संपूर्ण काळजी, आणि कार्यक्रम बनवलेला होता एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. आपल्याच कार्यक्रमाबद्दल असं लिहायला धैर्य लागतं.

यातून अविश्वास वाढत गेला. त्याला आणखी कारणं होती. 1957 मध्ये रोंगेलॅपच्या लोकांना बेट सुरक्षित आहे असं सांगून परत पाठवलं होतं. पण मातीत सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 होते, दोघांचाही अर्धायुष्यकाल तीस वर्षांच्या आसपास. सीझियम मातीतून नारळात आणि नारळातून माणसात आलं. परतलेल्या लोकांच्या शरीरातलं त्याचं प्रमाण वाढलं. नारळ-खेकडे खाऊ नका असं सांगावं लागलं. जो डॉक्टर म्हणतो "इथे राहा", तोच पुढे म्हणतो "इथलं खाऊ नका", तर माणसाने काय समजावं?

1972 मध्ये लेकोज अंजैन हा 19 वर्षांचा तरुण अमेरिकेतल्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने गेला. स्फोटाच्या वेळी तो एक वर्षाचा होता. त्याचे वडील जॉन अंजैन हे त्या वेळी रोंगेलॅपचे प्रमुख होते. त्यानंतर रोंगेलॅपचे लोक उघडपणे विचारू लागले की आम्ही रुग्ण आहोत की प्रयोगातले प्राणी?

1995 मध्ये अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या सल्लागार समितीने या प्रकरणाचा तपास केला. लोकांना मुद्दाम किरणोत्सर्गात ठेवल्याचा पुरावा समितीला मिळाला नाही. मात्र उपचार आणि संशोधन एकमेकांत मिसळले गेले आणि कोणती तपासणी कशासाठी हे लोकांना नीट सांगितलं गेलं नाही, हे समितीने नोंदवलं.

बेट सोडल्यावर काळजी कोण घेणार?

मे 1985 मध्ये रोंगेलॅपच्या लोकांनी स्वतःच बेट सोडलं. 'रेनबो वॉरियर' या ग्रीनपीसच्या जहाजाने अनेक फेऱ्या करून तीनशेहून जास्त माणसं, घरांच्या लाकूडफाट्यासकट, क्वाजालेन कंकणद्वीपातल्या मेजाटो बेटावर पोहोचवली.

1986 मध्ये मार्शल बेटांचा अमेरिकेशी करार अमलात आला. त्यात भरपाईसाठी 15 कोटी डॉलर ठेवले गेले. त्याच्या व्याजातून बिकिनी, एनेवेटाक, रोंगेलॅप आणि उतिरिक या चार ठिकाणच्या लोकांसाठी आरोग्य कार्यक्रम चालवायचा होता. दाव्यांसाठी न्यायाधिकरणही नेमलं गेलं. त्याने एक चांगली पद्धत ठेवली. आजारांची यादी केली आणि यादीतला आजार असेल तर "तो किरणोत्सर्गानेच झाला" हे रुग्णाला सिद्ध करायला लावलं नाही. एकट्या माणसाला ते सिद्ध करता येतच नाही. गाठीवर कारण लिहिलेलं नसतं. पण न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या रकमा निधीपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. निधी आटला आणि बहुतेकांना पूर्ण रक्कम मिळाली नाही.

रोंगेलॅप आणि उतिरिकच्या त्या मूळ लोकांसाठी अमेरिकी ऊर्जा खात्याचा वेगळा वैद्यकीय कार्यक्रम पुढेही चालू राहिला. आता जहाजाऐवजी माजुरो आणि इबाय इथल्या दवाखान्यांत नियमित तपासणी होते, गरज पडली तर होनोलुलूला पाठवतात. म्हणजे लोकांनी जे मागितलं होतं, जवळचा आणि कायमचा दवाखाना, त्या दिशेने काम सरकलं, पण कित्येक दशकांनी.

पण नवीन अडचण अशी की आता आजार फक्त किरणांचे नाहीत. स्वतःच्या जमिनीवरचं अन्न सुटलं, त्याजागी पॉलिश केलेला तांदूळ, मैदा आणि डबाबंद मांस आलं. मार्शल बेटांत मधुमेहाचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे. बरीच कुटुंबं अमेरिकेत, हवाई आणि अर्कान्सासात स्थायिक झाली. तिथे 1996 मध्ये त्यांचा सरकारी आरोग्य विम्याचा, मेडिकेडचा, हक्क गेला होता, तो 2020 च्या अखेरीस परत मिळाला. म्हणजे अणुचाचण्या सोसलेल्या देशातला माणूस चाचण्या करणाऱ्या देशात राहून वीसहून जास्त वर्षं त्या विम्याबाहेर होता.

वर्गात काय घ्यावं?

मी हा विषय दोन तासिकांत घेतला. तुम्हाला उपयोगी पडतील असे काही मुद्दे :

1. आलेख : एकाच आलेखावर आयोडीन-131 चा आठ दिवसांचा ऱ्हास काढा आणि खाली काळरेषेवर 1954, 1957, 1963, 1972, 1985 ही वर्षं मांडा. रेषा शून्याजवळ गेल्यावरही घटना चालूच राहतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

2. यादी करा : बेटावरच्या एका रुग्णाला आयुष्यभर गोळी मिळावी यासाठी कोण कोण लागेल? मुलं डॉक्टरपासून सुरुवात करतात. मग होडीवाला, दुभाषा, नोंदवही ठेवणारी परिचारिका, औषध थंड ठेवणारा, पैसे देणारा, असं पुढे जातात. माझ्या वर्गात एक मुलगा म्हणाला, "आणि आठवण करणारी आजी." तेही लिहून घेतलं.

3. चर्चा : तपासणी आणि उपचार यात फरक काय? तुमची माहिती कोणी घेतली तर ती कशासाठी, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे का? शाळेतल्या आरोग्य तपासणीचं उदाहरण घ्या. वजन-उंची लिहून नेतात, पुढे काय होतं?

4. भीती घालू नका : रुग्णालयातला क्ष-किरण आणि अणुचाचणीची भुकटी यांत प्रचंड फरक आहे. आणि हेच आयोडीन-131 डॉक्टर थायरॉइडच्या उपचारातही वापरतात, मोजून आणि रुग्णाला सांगून. तसंच, पूर्वी किरणोत्सर्ग सोसलेल्या माणसाजवळ बसल्याने आजार लागत नाही, हेही स्पष्ट सांगा.

5. आजचा धागा : 2014 मध्ये मार्शल बेटांनी अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावे दाखल केले. त्यात भारताविरुद्धही दावा होता. 2016 मध्ये न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो फेटाळला. 1954 मध्ये चाचण्या थांबवा म्हणणारा आपला देश साठ वर्षांनी त्या खटल्यात समोरच्या बाजूला होता. मोठ्या मुलांना यावर विचार करू द्या, उत्तर आपण देऊ नका.

पालकांनाही एक सांगणं. घरात कोणी रोज थायरॉइडची, बीपीची, साखरेची गोळी घेत असेल तर मुलांना एक आठवडा त्याची नोंद ठेवायला सांगा. गोळी कधी घेतली, कधी चुकली, कुठून आणली, कोणी आठवण केली. सातत्याची काळजी म्हणजे काय, ते पुस्तकापेक्षा त्या वहीतून जास्त कळेल.

मार्शल बेटांत दर वर्षी 1 मार्चला राष्ट्रीय सुट्टी असते, अणुचाचण्यांत बळी पडलेल्यांच्या स्मरणाची. त्याच्या आधल्या दिवशी, 28 फेब्रुवारीला, आपल्या शाळांत राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. आपण तक्ते लावतो, प्रयोग मांडतो. पुढच्या विज्ञान दिनाला आमच्या शाळेत एक तक्ता या बेटांचा असेल. त्या मुलीने तो करायचं मान्य केलंय. तक्त्यावर सर्वात वर काय लिहायचं तेही तिने ठरवलंय : "आयोडीन ऐंशी दिवसांत जवळजवळ संपलं. गोळी अजून चालू आहे."

माझं पहिलं उत्तर मी वर्गासमोर मागे घेतलं. मुलांना त्याचं काही वाटलं नाही, उलट पुढच्या तासाला प्रश्न वाढले.